आयफोन का अँड्रॉइड? दोन्ही रोज वापरताना जे जाणवतं ते

फोनचे रिव्ह्यू जवळजवळ सगळे पहिल्या आठवड्यातले असतात. डबा उघडला, स्क्रीन बघितली, चार फोटो काढले, गेम लावून फोन तापतो का ते बघितलं, झाला रिव्ह्यू. आणि आपण तो फोन वापरणार तीन वर्षं, चार वर्षं, कधीकधी पाच. त्यामुळे मला कोणी विचारलं की आयफोन घेऊ का अँड्रॉइड, तर मी आधी हे विचारते की किती वर्षं वापरणार आहेस, आणि नंतर त्यातलं सगळं कुठे नेणार आहेस. पहिल्या आठवड्यात आजकाल सगळेच फोन छान वाटतात हो, फरक पडायला लागतो तो फोन जुना झाल्यावर आणि फोन सोडताना.

माझ्याकडे सध्या दोन्ही आहेत, ऑफिसचा आयफोन आणि स्वतःचा अँड्रॉइड. दोन्ही दिवसभर हातात असतात, शिवाय घरात कोणाच्या फोनचं काही अडलं की तो माझ्याकडेच येतो. त्यामुळे हे जे लिहितेय ते प्रोसेसरचे आकडे बघून नाही, वापरून लिहितेय.

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करते, मागे जाणं. दिवसातून शेकडो वेळा आपण हे करतो आणि कुठल्या रिव्ह्यूत यावर दोन ओळी पण नसतात. अँड्रॉइडवर स्क्रीनच्या डाव्या नाहीतर उजव्या कडेवरून बोट आत सरकवलं की मागे, ॲप कुठलंही असो, तुम्ही कुठेही असा. ही पद्धत २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आहे, त्याआधी खाली बटण होतं आणि ते पण तेच काम करायचं. आयफोनवर डाव्या कडेवरून सरकवलं की बहुतेक ठिकाणी मागे जातं, बहुतेक. पण फोटो पूर्ण स्क्रीनवर उघडला असेल तर तो खाली ओढायचा, खालून वर आलेला एखादा पडदा असेल तर तो पण खाली ओढायचा, काही ठिकाणी कोपऱ्यात फुली असते, काही ठिकाणी वर डावीकडे बाण. फोन उजव्या हातात असला की डावीकडचा वरचा कोपरा म्हणजे अंगठ्यापासून सगळ्यात लांबची जागा, आणि आता फोन एवढे मोठे झालेत की दुसरा हात लावल्याशिवाय तिथे पोचताच येत नाही. सवय होते हे खरं, मला झालीच आहे, पण आयफोनवरून अँड्रॉइडवर आलं की अंगठ्याला सुटल्यासारखं वाटतं.

उलट बाजू पण सांगायला हवी. अँड्रॉइडवर मागे गेलं की नक्की कुठे जाणार हे कायम कळतंच असं नाही, कधी आधीच्या स्क्रीनवर जातं, कधी ॲपमधून सरळ बाहेर. अलीकडच्या व्हर्जनमध्ये बोट अर्धवट सरकवून धरलं की मागे काय येणार त्याची झलक दिसते, त्याने बराच फरक पडलाय, पण ॲप बनवणाऱ्याने ते घेतलेलं असेल तरच.

आणि घरातल्या मोठ्या माणसांसाठी एक सांगते. आईच्या अँड्रॉइडवर मी खालची तीन बटणं अजून ठेवली आहेत, सेटिंग्जमध्ये नेव्हिगेशन मोड नावाचा पर्याय असतो तिथून होतं. तिला बटण दिसतं, दाबलं की मागे जातं, विषय संपला. कडेवरून सरकवणं वगैरे हात थोडा थरथरत असला की जमत नाही. आयफोनमध्ये होम बटण असलेला शेवटचा फोन म्हणजे २०२२ चा एसई, तो २०२५ मध्ये बंद झाला, आता सगळं सरकवण्यावरच आहे. आयफोनमध्ये २०२३ च्या आयओएस १७ पासून (आयओएस म्हणजे आयफोनची सिस्टिम) असिस्टिव्ह ॲक्सेस नावाचा मोड आहे, त्यात मोजकीच ॲप मोठमोठ्या चौकोनांत दिसतात आणि खाली मागे जायचं मोठं बटण कायम असतं. ज्यांना फोनची भीतीच वाटते त्यांच्यासाठी तो खरंच विचार करून बनवलाय, पण व्हॉट्सॲप, फोटो, व्हिडिओ कॉल सगळं व्यवस्थित वापरणाऱ्या माणसाला तो फार अपुरा पडतो.

आता नोटिफिकेशन. इथे माझं मत ठाम आहे, अँड्रॉइड पुढे आहे आणि बरंच पुढे आहे. २०१७ च्या अँड्रॉइड ८ मध्ये नोटिफिकेशन चॅनेल आले, म्हणजे एकाच ॲपची नोटिफिकेशन वेगवेगळ्या गटांत असतात, ऑर्डर कुठवर आली हे एका गटात आणि ऑफर दुसऱ्या गटात, आणि ऑफरचा गट तेवढा बंद करून ऑर्डरचा चालू ठेवता येतो. त्यासाठी सेटिंग्ज धुंडाळायची पण गरज नाही. नको असलेलं नोटिफिकेशन आलं की त्यावर बोट दाबून धरायचं, ते कुठल्या गटातलं आहे ते तिथेच दिसतं, तिथल्या तिथे बंद करायचं आणि परत त्या गटातलं काही येत नाही. नवीन फोन घेतला की पहिले काही दिवस मी हेच करत असते, जे जे पिडतं ते दाबून धरायचं आणि बंद, मग फोन असा शांत होतो की जे वाजतं ते कामाचंच असतं. अर्थात काही ॲपवाले मुद्दाम सगळं एकाच गटात कोंबतात, तिथे काही करता येत नाही.

आयफोनवर हे गट नाहीत. एका ॲपची नोटिफिकेशन चालू नाहीतर बंद, आवाज हवा का नको, लॉक स्क्रीनवर दिसावी का नाही एवढंच आपल्या हातात, बाकी त्या ॲपच्या आतल्या सेटिंग्जमध्ये त्यांनी सोय दिली असेल तर ठीक. त्याऐवजी आयफोनने दुसरा रस्ता घेतला, २०२१ च्या आयओएस १५ मध्ये फोकस आलं आणि ठरावीक वेळेला सगळ्या बिनमहत्त्वाच्या नोटिफिकेशनचा एकत्र गठ्ठा देणारी सोय आली. फोकस मला मनापासून आवडतं, कामाच्या वेळेत अमुक माणसं आणि अमुक ॲप सोडून कोणी आत येऊ शकत नाही, आणि होम स्क्रीन पण त्या वेळेपुरती वेगळी ठेवता येते. पण बँकेच्या ॲपमधून पैसे जमा झाल्याचा मेसेज हवा आणि कर्ज घ्या कर्ज घ्या हे नको, एवढी साधी मागणी तिथे पुरी होत नाही.

गंमत म्हणजे नोटिफिकेशन पाठवू का असं ॲपने आधी विचारायचं, हे आयफोनवर पहिल्यापासून आहे आणि अँड्रॉइडवर २०२२ च्या अँड्रॉइड १३ मध्ये आलं, त्याआधी ॲप टाकलं की ते थेट सुरूच व्हायचं.

हे एकमेकांचं बघून घेणं खूप जुनं आहे आणि मला त्यात काही वाईट वाटत नाही, फायदा आपलाच होतो. २००७ च्या पहिल्या आयफोनमध्ये ॲप स्टोअर नव्हतं, ते २००८ मध्ये आलं, आणि साधं कॉपी-पेस्ट यायला २००९ उजाडलं. अँड्रॉइडच्या पहिल्या फोनला म्हणजे २००८ च्या जी१ ला सरकवून बाहेर काढायचा खराखुरा कीबोर्ड होता कारण स्क्रीनवरचा कीबोर्डच नव्हता, तो २००९ मध्ये आला. होम स्क्रीनवरचे विजेट अँड्रॉइडकडे सुरुवातीपासून होते, आयफोनने ते २०२० मध्ये आयओएस १४ ला दिले, आणि आयकॉन आपल्याला हवा तिथे, मध्ये रिकामी जागा सोडून ठेवायला तर २०२४ चं आयओएस १८ यावं लागलं. परवानग्यांचं नेमकं उलट. अँड्रॉइडवर २०१५ पर्यंत ॲप टाकतानाच सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागायच्या, टॉर्चचं ॲप तुमचे कॉन्टॅक्ट मागायचं आणि नको म्हणायचं तर ॲपच टाकायचं नाही, अँड्रॉइड ६ पासून एकेक परवानगी वेगळी नाकारता यायला लागली. लोकेशन फक्त एकदाच द्यायची सोय आयफोनवर २०१९ ला, अँड्रॉइडवर २०२० ला. सगळी गॅलरी न देता निवडक फोटोच द्यायचे, हे आयफोनवर २०२० ला आणि अँड्रॉइडवर २०२३ ला.

म्हणजे प्रायव्हसीत आयफोन एक-दोन पावलं पुढे राहिलाय हे मान्य करायलाच हवं. २०२१ मध्ये आयओएस १४.५ ने तर प्रत्येक ॲपला विचारायला लावलं की दुसऱ्या ॲपमध्ये आणि वेबसाइटवर तुमचा माग काढू का, आणि जाहिरातींवर चालणाऱ्या कंपन्यांना ते चांगलंच झोंबलं. गूगलचा धंदाच जाहिरातींचा आहे, त्यामुळे त्यांच्याकडून इतक्या रोखठोक प्रश्नाची अपेक्षा मला तरी नाही.

आता येते मुख्य मुद्द्यावर, अपडेट.

आयफोनचं अपडेट सगळ्यांना एकाच दिवशी येतं, फोन या वर्षीचा असो का चार वर्षं जुना. कारण सरळ आहे, फोन, चिप आणि सिस्टिम सगळं एकाच कंपनीचं. २०१३ च्या आयफोन ५एस ला अगदी जानेवारी २०२३ मध्ये पण सिक्युरिटी अपडेट आलं होतं, म्हणजे नऊ वर्षांच्या वर. नवी फीचर्स तोपर्यंत कधीच बंद झाली होती, पण निदान उघडी पडलेली भोकं बुजवली जात होती. २०१८ च्या आयफोन एक्सआर ला २०२४ चं आयओएस १८ मिळालं.

अँड्रॉइडचा रस्ता लांबचा. गूगल नवं व्हर्जन काढतं, मग चिप बनवणारी कंपनी आपल्या चिपसाठी ते जुळवते, मग फोनची कंपनी त्यावर आपलं रंगरूप चढवते, आपली ॲप घालते, टेस्टिंग करते, काही ठिकाणी नेटवर्कवाले पण तपासतात, आणि मग ते आपल्यापर्यंत पोचतं, पोचलं तर. या साखळीत जुन्या आणि स्वस्त मॉडेलवर मेहनत घ्यायला कोणालाच उत्साह नसतो कारण त्यात मिळकत नाही, आणि म्हणूनच अगदी धडधाकट फोन वर्ष-दोन वर्षांत मागे पडायचे. गूगलने यावर काम केलं नाही असं नाही, २०१७ ला ट्रेबल नावाने सिस्टिम आणि चिपचा भाग एकमेकांपासून वेगळा केला, २०१९ पासून सिस्टिमचे काही महत्त्वाचे तुकडे थेट प्ले स्टोअरच्या वाटेने अपडेट व्हायला लागले. पण खरा फरक पडला तो २०२३ मध्ये गूगलने स्वतःच्या पिक्सेल ८ फोनला सात वर्षांच्या अपडेटचं वचन दिलं तेव्हा, आणि लगेच जानेवारी २०२४ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एस२४ ला तेच दिलं. युरोपियन युनियनने तर जून २०२५ पासून नियमच केलाय, मॉडेलची विक्री बंद झाल्यावर पुढे निदान पाच वर्षं अपडेट द्यायची.

पण हे वचन मॉडेलप्रमाणे बदलतं, एकाच कंपनीच्या महागड्या फोनला सात वर्षं आणि स्वस्त फोनला त्याच्या निम्मी पण नाहीत असं सर्रास असतं. म्हणून अँड्रॉइड घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारायच्या आधी त्या मॉडेलला किती वर्षं अपडेट, आणि ती वर्षं कधीपासून मोजणार हे विचारा. बहुतेक वेळा ती फोन बाजारात आला तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतला तेव्हापासून नाही, त्यामुळे दीड वर्ष जुनं मॉडेल सवलतीत मिळालं तर त्यातली दीड वर्षं आधीच संपलेली असतात. वापरातला फोन असेल तर सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत सिक्युरिटी पॅचची, म्हणजे शेवटच्या सुरक्षा अपडेटची तारीख असते, ती आत्ता उघडून बघा. तारीख सहा-आठ महिने जुनी असेल तर त्या फोनवरून बँकेचे व्यवहार करताना मला तरी स्वस्थ वाटणार नाही.

एका बाबतीत मात्र जुना अँड्रॉइड जुन्या आयफोनपेक्षा बरा निघतो. अँड्रॉइडवर क्रोम, कीबोर्ड, मेल, नकाशे हे सगळं स्टोअरमधून अपडेट होत राहतं, सिस्टिम जुनी असली तरी कितीतरी वर्षं. आयफोनवर सफारी सिस्टिमचाच भाग आहे, आणि दुसरा कुठलाही ब्राउझर टाकला तरी आतलं इंजिन ॲपलचंच असावं लागतं, २०२४ मध्ये युरोपियन युनियनमध्ये आणि नंतर जपानमध्ये त्यात सूट मिळाली एवढंच. म्हणजे आयओएसचं अपडेट थांबलं की ब्राउझर पण तिथेच थांबला, आणि हळूहळू वेबसाइट नीट उघडेनाशा होतात. घरातल्या एका जुन्या आयपॅडवर हे मी बघितलंय, स्क्रीन छान, आवाज छान, बॅटरी पण ठीक, आणि अर्ध्या साइट उघडतच नाहीत.

अपडेट टाकलं की फोन स्लो होतो, कंपन्या मुद्दाम करतात, हे पण खूप जण म्हणतात. ते हवेतून आलेलं नाही. डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने कबूल केलं होतं की बॅटरी जुनी झालेल्या काही आयफोनचा वेग ते कमी करत होते. कारण तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं, लिथियम बॅटरी म्हातारी झाली की एकदम जास्त वीज मागितल्यावर तिचं व्होल्टेज कोसळतं आणि फोन ३०-४० टक्के चार्ज दाखवत असताना अचानक बंद पडतो, ते टाळायला प्रोसेसरला लगाम घातला. पण न सांगता घातला, आणि राग त्याचाच होता, कारण बॅटरी बदलून जे काम झालं असतं त्यासाठी लोकांनी फोनच बदलले. मग २०१८ मध्ये बॅटरी हेल्थचा आकडा सेटिंग्जमध्ये आला. तो आकडा ८० च्या खाली गेला असेल आणि फोन रखडत असेल तर नव्या फोनचे रिव्ह्यू बघत बसण्याआधी बॅटरी बदलून घ्या, खरंच. अँड्रॉइडवाल्यांकडे असा आकडा आता आता यायला लागलाय आणि सगळ्यांकडे अजून नाही. चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय आयफोन १५ पासून आहे, बऱ्याच अँड्रॉइडवर पण आहे, जिथे असेल तिथे चालू करा. आणि फोन गरम होईल असा उशीखाली ठेवून रात्रभर चार्ज करू नका, बॅटरीचं उष्णतेइतकं नुकसान दुसऱ्या कशानेच होत नाही.

अँड्रॉइड म्हटलं की एकच गोष्ट डोळ्यासमोर आणून चालत नाही हे पण लक्षात घ्या. पिक्सेलवरचं, गॅलेक्सीवरचं आणि बाकीच्या कंपन्यांचं अँड्रॉइड इतकं वेगळं असतं की एकावर शिकलेलं दुसऱ्यावर सापडत नाही. आणि काही कंपन्या बॅटरी जास्त टिकते असं दाखवायला मागे चालू असलेली ॲप सरसकट मारून टाकतात. माझ्या आधीच्या एका फोनवर औषधाची आठवण करून देणारं ॲप टाकलं होतं बाबांसाठी, पहिले काही दिवस नीट वाजलं, मग एक दिवस वाजलंच नाही, परत दोन दिवस वाजलं, परत गप्प. ॲपमध्ये काहीच दोष नव्हता, फोनच त्याला झोपवत होता. शेवटी सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन निर्बंध नको असं करावं लागलं, शिवाय ऑटोस्टार्ट नावाचं वेगळंच बटण वेगळ्याच जागी होतं ते चालू करावं लागलं, आणि अलीकडे वापरलेल्या ॲपच्या यादीत त्याला कुलूप लावावं लागलं. तीन जागा, एका रिमाइंडरसाठी! ज्या माणसाला हे करून द्यायला घरात कोणी नाही त्याने काय करायचं? औषधाचा गजर ही काही चैनीची गोष्ट नाही. आयफोनवर आणि पिक्सेलवर मला हे असलं कधी करावं लागलं नाही. मागे काम करण्यावर आयफोन पण कडक बंधनं घालतो, पण आधीच ठरवून ठेवलेलं रिमाइंडर सिस्टिम स्वतः वाजवते, ॲप जिवंत असण्याची त्याला गरजच नसते.

फाइलचं सांगते. पीडीएफ डाउनलोड केली, ती कुठे गेली, हा प्रश्न अँड्रॉइडवर पडला तर उत्तर आहे, डाउनलोड फोल्डर. केबलने कॉम्प्युटरला जोडा, फोल्डर दिसतात, हवं ते उचला. आयफोनवर फाइल्स ॲपच मुळात २०१७ ला आलं, आणि अजूनही एखादी गोष्ट फोनमध्ये आहे, आयक्लाउडमध्ये म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठ्यात आहे का त्या ॲपच्या पोटातच आहे हे कळायला वेळ जातो. मला ऑफिसच्या कामात कागदपत्रं सारखी इकडून तिकडे करावी लागतात, ती सगळी मी अँड्रॉइडवर करते. पण दोन ॲपल वस्तू शेजारी असल्या की एअरड्रॉपने केबल न लावता फाइल जशी झटक्यात पलीकडे जाते ते बघून हेवा वाटतो, अँड्रॉइडकडे त्याच्या तोडीचं काही यायला २०२० उजाडलं आणि २०२४ मध्ये गूगल आणि सॅमसंगने आपापलं एकत्र करून क्विक शेअर केलं.

मराठी टाइप करायला दोन्हीकडे कीबोर्ड आहेत, पण मी अँड्रॉइडवर जीबोर्डने लिहिते. इंग्रजी अक्षरांत टाइप केलं की देवनागरी उमटते, नाहीतर सरळ बोललं की लिहून येतं. आयफोनवर बाहेरचे कीबोर्ड २०१४ पासून चालतात, पण पासवर्डच्या रकान्यात गेलं की सिस्टिमचाच कीबोर्ड येतो. सुरक्षेसाठी ते योग्यच आहे, पण दर वेळी हाताखालची अक्षरं बदलल्यासारखी वाटतात.

कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही. व्हिडिओ आयफोनचा, रात्रीच्या फोटोत पिक्सेलने २०१८ मध्ये नाइट साइट आणून सगळ्यांना कामाला लावलं, आणि आता वरच्या किमतीच्या कुठल्याही फोनचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवल्यावर कुठल्या फोनचा आहे हे मला तरी ओळखता येत नाही.

तिसरा पर्याय का नाही, हा प्रश्न मला नेहमी पडतो. एकेकाळी होता. विंडोज फोन २०१० मध्ये आला होता आणि मला तो फार आवडायचा, होम स्क्रीनवरचे ते चौकोन स्वतःच माहिती दाखवत राहायचे, स्वस्त हँडसेटवर सुद्धा झरझर चालायचा, अक्षरं सुबक. पण लोकांना लागणारी ॲप तिथे यायचीच नाहीत, आली तर उशिरा आणि अर्धवट. वापरणारे कमी म्हणून ॲप नाहीत आणि ॲप नाहीत म्हणून वापरणारे कमी, त्या चक्रात चांगली सिस्टिम गेली. २०१९ मध्ये हुवावेच्या नव्या फोनवर गूगलच्या सेवा बंद झाल्या तेव्हा पण हेच दिसलं, कॅमेरा उत्तम, हार्डवेअर उत्तम, आणि चीनबाहेरच्या ग्राहकाला प्ले स्टोअरशिवाय तो फोन नकोसा झाला. सिस्टिम कितीही देखणी असली तरी बँकेचं ॲप चालत नसेल तर ती रोजच्या वापराची नाही.

आता फोन सोडण्याबद्दल, कारण हे घेतानाच बघायला हवं आणि कोणी बघत नाही. आयफोनवरून आयफोनवर जाणं म्हणजे दोन्ही फोन शेजारी ठेवायचे आणि थोडा वेळ थांबायचं, सगळं जसंच्या तसं येतं, वॉलपेपरसकट. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर पण आता बरंच येतं, कंपनी तीच असेल तर अजून चांगलं. खरी परीक्षा कुंपण ओलांडताना. विकत घेतलेली ॲप येत नाहीत, ती परत घ्यायची. व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगलच्या खात्यात जातो आणि आयफोनवर आयक्लाउडमध्ये, आणि एकाचा दुसरीकडे उघडत नाही. किती तरी वर्षं इकडून तिकडे गेलं की सगळे जुने चॅट गेले असंच होतं. आयफोनवरून अँड्रॉइडवर न्यायची अधिकृत सोय २०२१ मध्ये आली, उलटी २०२२ मध्ये. आयफोनवर जाताना मूव्ह टू आयओएस नावाचं ॲप लागतं, तिकडून इकडे येताना केबल लागते, आणि मुख्य म्हणजे नवा फोन अगदी कोरा असताना, सेटअप चालू असतानाच हे केलं तर डोकेदुखी होत नाही. लोक आधी नवा फोन सुरू करतात, दोन दिवस वापरतात आणि मग जुने चॅट शोधतात, तेव्हा बहुतेक वेळा परत सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करावं लागतं.

फोटोंचं गणित वेगळं. आयक्लाउड फुकट देतं ५ जीबी, गूगल देतं १५ जीबी पण त्यातच मेल, फोटो आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप पण आला. गूगल फोटोजमध्ये अमर्याद फुकट होतं ते १ जून २०२१ पासून बंद झालं. त्यामुळे दोन्हीकडे शेवटी दर महिन्याला पैसे द्यायची वेळ येते, आणि एकदा सगळे फोटो तिथे गेले की माणूस त्या कंपनीला बांधला जातो, मग फोन बदलायचा म्हटलं तरी हात आखडतो. मी दोन्हीकडचे फोटो गूगल फोटोजमध्ये ठेवते कारण ते दोन्ही फोनवर सारखंच चालतं, आणि वर्षातून एकदा टेकआउट या गूगलच्याच सोयीने सगळं उतरवून घरच्या हार्ड डिस्कवर घेते. ॲपलकडे पण आयक्लाउडमधले फोटो थेट गूगल फोटोजला पाठवायची विनंती करता येते, त्याला काही दिवस लागतात, पण होतं. पासवर्डचं पण तसंच करा, दोन्हीकडे चालणारा पासवर्ड मॅनेजर ठेवा. नोट्स, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट, प्रत्येक वेळी हाच प्रश्न विचारा की उद्या फोन बदलला तर हे उघडेल का.

निघताना दोन-तीन गोष्टी लोक हमखास विसरतात. आयफोन सोडून जाताना आयमेसेज आणि फेसटाइम या ॲपलच्या मेसेज आणि व्हिडिओ कॉलच्या सोयी बंद करा, सिम काढायच्या आधी, नाहीतर दुसऱ्या आयफोनवाल्यांचे मेसेज तुमच्या जुन्या खात्यावर जात राहतात आणि तुम्हाला वाटतं कोणी काही पाठवलंच नाही. ओटीपीचे कोड दाखवणारं ऑथेंटिकेटर ॲप वापरत असाल तर ते नव्या फोनवर चालू झालंय, एकदा त्याने लॉगिन करून बघितलंय, आणि मगच जुना फोन पुसा. आणि जुना फोन कोणाला द्यायचा असेल तर नुसता रिसेट मारून देऊ नका. आयफोनवर आधी आपल्या ॲपल खात्यातून बाहेर पडायचं म्हणजे हरवलेला फोन शोधायची फाइंड माय ही सोय बंद होते, अँड्रॉइडवर आधी गूगल खातं काढायचं, मग रिसेट. चोरीच्या फोनचा उपयोग होऊ नये म्हणून २०१३ पासून आयफोनवर आणि २०१५ पासून अँड्रॉइडवर हे कुलूप आहे, आणि खातं तसंच राहिलं तर ज्याला तुम्ही प्रेमाने फोन दिला त्याला तो तुमच्या पासवर्डशिवाय सुरूच करता येत नाही.